रिंगखाली धडक झाली, शिट्टी कोणावर?

"तो थंयच उभो होतो सर, तेचो फाऊल कसो?"

गडग्यावर बसलेल्या तात्यांनी हे विचारलं तेव्हा शिट्टी अजून माझ्या तोंडातच होती. मालवण तालुक्यातल्या एका शाळेचं मैदान. सिमेंटचं कोर्ट, एका अंगाला जांभ्याचा गडगा, मागे माड. आंतरशालेय सामने चालू होते. तात्यांची मासेमारीची होडी आहे. बास्केटबॉलशी त्यांचा संबंध इतकाच की नात खेळते, आणि तिचा सामना यायला अजून अर्धा तास होता. मुलांच्या सामन्यात एक जण उजवीकडून चेंडू आपटत सुसाट आत घुसला, दोन पावलं टाकून लेअपसाठी, म्हणजे रिंगजवळून अलगद चेंडू टाकण्यासाठी, उडाला, आणि रिंगजवळ उभ्या असलेल्या पोराच्या छातीवर जाऊन आदळला. दोघेही खाली. मी मूठ वर केली, मग दोन्ही हात कमरेवर ठेवले. ही ब्लॉकिंगची खूण. म्हणजे चूक आदळणाऱ्याची नाही, उभं राहणाऱ्याची.

अर्धं मैदान ओरडलं. तात्यांनी फक्त प्रश्न विचारला, आणि तो अगदी नेमका होता. पोरगा खरंच उभा होता. मग फाऊल त्याचा कसा?

पंधरा-सोळा वर्षं शाळांच्या सामन्यांत शिट्टी वाजवतोय. सगळ्यांत जास्त वाद होतात ते याच निर्णयावर. बघणारा माणूस मनात दोन गोष्टींवरून निकाल लावतो: हलत कोण होता आणि पडला कोण. हलणारा दोषी, पडणारा बिचारा. रस्त्यावरच्या अपघातातही आपण असंच करतो, मोठ्या गाडीवाल्याला आधी शिव्या. पण नियमपुस्तक या दोन्ही गोष्टी विचारत नाही. ते विचारतं, ती जागा आधी कोणी मिळवली, आणि रीतसर मिळवली का.

पुढे जायच्या आधी एक घोळ निस्तरायला हवा. आपल्याकडे "ब्लॉक" हा शब्द दोन अर्थांनी चालतो. समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच थोपवला की "काय ब्लॉक मारला!" म्हणून टाळ्या पडतात. आणि समोरच्याची वाट चुकीच्या रीतीने अडवली की तोही ब्लॉक, पण तो फाऊल. पहिला कौशल्याचा, दुसरा गुन्ह्याचा. नवी पोरं यात गोंधळतात, आणि पालक तर हमखास. इथून पुढे मी दुसऱ्याला "ब्लॉकिंग" म्हणेन. त्याचा जोडीदार म्हणजे "चार्जिंग": आक्रमण करणारा, चेंडू हातात असो वा नसो, समोरच्याच्या धडावर जाऊन आदळतो तो फाऊल. एकाच धडकेला ही दोन नावं. कोणतं लावायचं, एवढंच रेफरीचं काम.

कोकणात ते जरा जड जातं, कारण इथला प्रेक्षक कबड्डीच्या डोळ्यांनी बघतो. गावागावात कबड्डीची मंडळं आहेत. चढाईवाल्याला धरणं, पाडणं, त्याच्यावर चार जणांनी पडणं हाच तिथे खेळ. अंगाला अंग लागलं म्हणून शिट्टी वाजवणारा माणूस त्या डोळ्यांना थोडा नाजूकच वाटणार. बास्केटबॉल मात्र जन्मालाच आला तो धक्काबुक्की टाळण्यासाठी. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हा खेळ बसवला तो थंडीत बंद सभागृहात खेळण्यासाठी. टणक जमिनीवर एकमेकांना पाडून चालणार नव्हतं. त्याच्या मूळ 13 नियमांपैकी पाचवा असा: खांद्याने रेटणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं बंद. पहिल्या वेळी फाऊल, दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. टोपली दहा फुटांवर, म्हणजे आजच्या मापात 3.05 मीटरवर टांगली, तोंड आकाशाकडे. चेंडू जोराने मारून उपयोग नाही, अलगद वरून टाकावा लागतो. ताकदीला लगाम घालायचा हा विचार अजूनही नियमांच्या मुळाशी आहे.

आता जागा मिळवायची म्हणजे काय करायचं? ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्यासमोर तोंड करून उभं राहायचं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. बस्स. एवढं झालं की ती जागा नियमाने तुमची. किती वेळ आधी यायचं, किती अंतर ठेवायचं, याची अट चेंडूवाल्याच्या बाबतीत नाही. चेंडू हातात असलेल्या माणसाने, आपल्यासमोर कोणी ना कोणी क्षणात येऊन उभं राहणार, हे गृहीत धरायचं असतं. चेंडू नसलेल्याला मात्र नियम सवलत देतो. बेसावध पळणाऱ्याच्या अगदी पुढ्यात जाऊन थांबता येत नाही. त्याच्या वेगाच्या मानाने निदान एका पावलाचं अंतर सोडावं लागतं. हे न्याय्यच आहे. ज्याला माहीत नाही त्याला थांबायला वेळ हवा.

इथे सगळ्यांत मोठा गैरसमज भेटतो. लोकांना वाटतं, अडवणाऱ्याने पुतळ्यासारखं स्तब्ध असलंच पाहिजे. "हलला, हलला!" अशा आरोळ्या मी दर सामन्यात ऐकतो. नियम तसं म्हणतच नाही. जागा एकदा रीतसर मिळाली की ती टिकवण्यासाठी अडवणारा बाजूला सरकू शकतो, मागे सरकू शकतो, सरळ वर उडी मारू शकतो. सरकताना एखादा पाय क्षणभर उचलला गेला तरी चालतं. मार बसणार असं दिसलं तर अंग चोरून वळूही शकतो. मनाई एकाच गोष्टीला: चेंडूवाल्याच्या दिशेने पुढे यायचं नाही. पुढे झुकलात, गुडघा काढलात, कंबर मारलीत, की मिळवलेली जागा गेली.

आणि धडक कुठे बसली यावरून अर्धा निकाल आपोआप लागतो. आदळणारा थेट धडावर, छातीवर-पोटावर, आला, तर अडवणारा तिथे आधी पोहोचला होता असं मानलं जातं. खांद्याच्या कडेला, बाहेर आलेल्या मांडीला, लांबवलेल्या कोपराला लागलं, तर बहुतेक वेळा अडवणारा उशिरा पोहोचून उरलेली वाट अंगाने बुजवत होता. मी मुलांना सांगतो, समोरच्याच्या छातीवरचा नंबर तुमच्या छातीवर आपटायला हवा. तुमच्या कुशीत नाही.

मग त्या मालवणच्या पोराचं काय चुकलं? तो उभा होता, तोंड समोर होतं, धडक छातीवर बसली. सगळं बरोबर. फक्त समोरचा उडाला तेव्हा तो तिथे नव्हता.

हा नियमाचा गाभा. तो मी तात्यांना समजावला तसाच इथे सांगतो. भरतीच्या वेळी धक्क्यावरून पोरं पाण्यात उड्या मारतात ते तुम्ही पाहिलं असेल. पोराने धक्का सोडला की पुढचं काही त्याच्या हातात नसतं. हवेत ना ब्रेक, ना सुकाणू. तो कुठे पडणार हे पाय सुटला त्याच क्षणी ठरून गेलेलं असतं. खाली आधीपासून होडी बांधलेली असेल आणि तरी त्याने उडी मारली, तर दोष त्याचा. बघून मारायची होती. पण पाणी मोकळं बघून त्याने उडी मारली आणि तो हवेत असताना कोणी होडी वल्हवत खाली आणली, तर? मग होडी आता "उभी" आहे म्हणून होडीवाला सुटत नाही.

तात्या हसले. "म्हणजे उडी मारल्यार मगे होडी खाली घालूची नाय, तसाच मा ह्या?"

तसंच. नियमाच्या भाषेत, उडी मारलेल्या खेळाडूला जिथून उडाला तिथेच परत उतरायचा हक्क असतो. दुसरीकडेही तो उतरू शकतो, फक्त ती उतरण्याची जागा आणि मधली वाट त्याने जमीन सोडली त्या क्षणी मोकळी असली पाहिजे. एकदा तो हवेत गेला की कोणी त्या वाटेत शिरायचं नाही. आमचा अडवणारा मदतीला डावीकडून धावत आला. त्याचा एक पाय टेकला, समोरचा उडाला, मग याचा दुसरा पाय टेकला. धडकेच्या वेळी दोन्ही पाय जमिनीवर, हात वर, चित्रासारखा उभा. तात्यांनी ते चित्र पाहिलं. मी त्याच्या आधीचा क्षण पाहिला होता. एका पावलाचा हिशोब.

हे पाऊल किती लहान असतं ते बघा. कोणी 50 सेंटिमीटर उंच उडाला तर जमीन सोडण्यापासून परत टेकेपर्यंत त्याला सुमारे 0.64 सेकंद मिळतात. धावत आलेल्याचा वेग सेकंदाला 4 मीटर धरला तर सव्वा मीटर अंतर तो 0.3 सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात अडवणाऱ्याचा दुसरा पाय आधी टेकला की नंतर, हे ओळखायचं. आणि उडालेल्याच्या अगदी पायाखाली गेलं तर नुसतं ब्लॉकिंगवर भागत नाही. असा माणूस पाठीवर, डोक्यावर पडतो. ते बहुधा अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्तीला न शोभणारं, फाऊल धरलं जातं आणि प्रकार वाईट असेल तर खेळाडूला सामन्यातून काढतात. सिमेंटच्या कोर्टवर पडलेलं पोर ज्याने उचललंय त्याला या कडकपणाचं कारण विचारावं लागत नाही.

याच भीतीतून रिंगखालचं ते अर्धवर्तुळ आलं. पूर्वी मदतीला येणारे बचावपटू थेट रिंगखाली जाऊन उभे राहायचे. चेंडू अडवायला नाही, धडक खायला. वरून येणारा आदळला की चार्जिंग, टोपली रद्द, चेंडू आपला. युक्ती चांगली, पण खेळाची वाट लागत होती आणि गुडघे जात होते. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगने 1997-98 च्या हंगामापासून रिंगखाली 4 फूट त्रिज्येचा पट्टा आखला. आंतरराष्ट्रीय संघटना फिबाने 2010 पासून 1.25 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आणलं. आक्रमक हवेतून त्यात शिरला, चेंडू त्याच्या ताब्यात आहे, तो टोपलीत टाकतोय किंवा पास देतोय, आणि अडवणाऱ्याचा एक जरी पाय त्या अर्धवर्तुळाला लागलेला आहे, तर चार्जिंग द्यायचं नाही. रेषाही अर्धवर्तुळातच धरायची. टाच रेषेवर असली तरी तुम्ही आत.

नारळ काढायला माणूस वर चढलेला असताना माडाच्या बुंध्याशी कोणी बसत नाही. बसलाच आणि नारळ पडला, तर वरच्याला बोल लावता येत नाही. ते अर्धवर्तुळ म्हणजे माडाचा बुंधा.

आमच्याकडे अडचण वेगळीच. कितीतरी शाळांच्या कोर्टवर हे अर्धवर्तुळ आखलेलंच नसतं. तीन सेकंदांचा चौकोन असतो, फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर कोणी न अडवता चेंडू टाकायची, रेषा असते, तीन गुणांची कमान निम्मी पुसलेली असते, आणि रिंगखाली फक्त शेवाळाचा हिरवट डाग, पावसाळ्याची आठवण. म्हणून सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी गवंड्याचा ओळंबा घेऊन जातो. स्टुलावर चढून ओळंब्याची दोरी रिंगच्या मधोमध धरायची, वारा थांबायची वाट बघायची (समुद्राकाठी याला धीर लागतो), आणि टोक जिथे स्थिरावेल तिथे खडूने फुली मारायची. कोर्ट मापात असेल तर ती फुली मागच्या सीमारेषेच्या आतल्या कडेपासून 1.575 मीटरवर येते. बोर्डाचा पुढचा पृष्ठभाग त्याच रेषेपासून 1.20 मीटरवर. मधले राहतात 37.5 सेंटिमीटर. मग फुलीवर खिळ्यासारखा अंगठा दाबून, 1.25 मीटर सुतळी ताणून पुढच्या बाजूने कमान ओढायची, आणि दोन्ही टोकांना बोर्डाच्या रेषेपर्यंत साडेसदतीस सेंटिमीटरच्या सरळ रेषा. चुन्याने आखलं तर दुसऱ्या सत्रापर्यंत बुटांनी पुसलं जातं. रंग लावायला मुख्याध्यापकांची परवानगी लागते. गेल्या खेपेला एका पोराने घरून होडीचा उरलेला निळा रंग आणला, तो अजून टिकलाय.

ओळंबा न लावता अंदाजाने आखणारे बोर्डाच्या खालून माप घेतात. मग सगळं अर्धवर्तुळ मागे जातं आणि खरं तर आत असलेला पाय बाहेर दिसतो. हे मी पाहिलंय, म्हणून इतकं लांबवलं.

अर्धवर्तुळाबद्दल दोन गोष्टी लोक उलट्या धरून बसलेत. एक, "आत पाय म्हणजे ब्लॉकिंगच." नाही. आत पाय म्हणजे चार्जिंग नाही, एवढंच. अडवणारा आत रीतसर उभा असेल, हात सरळ वर असतील, तो जागेवरच वर उडाला असेल, तर धडक होऊनही शिट्टी न वाजवणं हाच बरोबर निर्णय असू शकतो. शिट्टी न वाजवणं हाही निर्णय असतो, हे प्रेक्षकांना पटवणं मात्र मला जन्मात जमणार नाही. दुसरी, "आत आक्रमकाला सगळं माफ." तेही नाही. त्याने कोपराने छाती ढकलली, गुडघा पुढे काढला, मोकळ्या हाताने समोरच्याला दाबून धरलं, तर अर्धवर्तुळ त्याला वाचवत नाही. आणि जो मागच्या सीमारेषेकडून, बोर्डाच्या मागच्या पट्ट्यातून आत शिरतो, त्यालाही ही सवलत नाही. तिथे चार्जिंग देता येतं. हा बारकावा चांगल्या चांगल्या प्रशिक्षकांच्या ध्यानात नसतो.

आता माझी स्वतःची चूक. सतरा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना, शाळांची नावं सांगत नाही. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. एक सडपातळ मुलगी आत घुसली, उडाली, चेंडू हातातून सुटायच्या आतच धडक. बचाव करणारी पाठीवर सपशेल आडवी. मी मूठ तळहातावर आपटली, चार्जिंग. टोपली रद्द. तिचा संघ एका गुणाने हरला. सामन्यानंतर ती पाणी पीत पीत माझ्याकडे आली. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. म्हणाली, "सर, मी उडी मारल्यावर ती आली ना?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. संध्याकाळी एका पालकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. ती म्हणत होती तेच खरं होतं. मी त्या क्षणी चेंडूकडे बघत होतो, टोपली होते की नाही याकडे. चेंडूवरून नजर खाली आली तेव्हा एक मुलगी जमिनीवर पडलेली दिसली, आणि पडलेली दिसली म्हणून मी तिच्या बाजूने निकाल दिला. गडग्यावरच्या माणसासारखाच.

तेव्हापासून मी जे शिकवतो ते हेच: चेंडू बघायचा नाही. चेंडूवाला कुठे जाणार हे सगळ्यांनाच दिसतंय, त्याला बघायला चारशे डोळे आहेत. रेफरीने अडवणाऱ्याला बघायचं. तो कुठून आला, तोंड कुठे होतं, पाय कधी टेकले, अंग सरळ वर होतं की पुढे कललेलं. हे ठाऊक असेल तर उडणारा आदळल्यावर निकाल आधीच तयार असतो. फक्त उडणाऱ्याला बघत राहिलात तर धडकेनंतर मागचं आठवायला लागतं, आणि आठवण पडणाऱ्याच्या बाजूने खोटं बोलते.

उभं कुठे राहायचं यालाही तितकंच महत्त्व. एक रेफरी मागच्या सीमारेषेवर असतो, त्याला लीड म्हणतात. रिंगखालच्या धडका बहुतेक त्याच्या. दुसरा मागून येतो तो ट्रेल, आणि मोठ्या सामन्यांत तिसरा मध्ये. लीडने दोन खेळाडूंच्या सरळ रेषेत उभं राहिलं तर पुढच्याची पाठ दिसते, मागचा झाकला जातो. होडी धक्क्याला टेकली की वीतभर लांब आहे, हे होडीच्या समोरून कधी कळतं का? बाजूला जाऊन मधली फट बघावी लागते. तसंच इथे. एक पाऊल डावीकडे, कधी एक पाऊल मागे, आणि दोघांमधली हवा दिसली पाहिजे. तरण्या रेफरींना वाटतं जवळ गेलं की जास्त दिसतं. जवळ गेलं की जास्त मोठं दिसतं, जास्त दिसत नाही.

शिट्टीही जरा थांबून वाजवायची. अर्धा श्वास. हालचाल सुरू झाली, पुरती झाली, संपली, मग. आणि दोन्ही रेफरींची शिट्टी एकदम वाजली तर दोघांनी नुसती मूठ वर ठेवायची, एकमेकांकडे बघायचं, आणि मगच एकाने खूण करायची. एकाचे हात कमरेवर आणि दुसऱ्याची मूठ तळहातावर, असं दृश्य एकदा दिसलं की त्या दिवशी तुमचं कोणी ऐकत नाही.

टाळ्यांचा जो ब्लॉक, त्याबद्दलही थोडं सांगतो, कारण तोही रिंगजवळच घडतो. प्रत्येक खेळाडूभोवती नियम एक अदृश्य सिलिंडर मानतो. मुलांना सिलिंडर म्हटलं की गॅसचा आठवतो, म्हणून मी विहीर म्हणतो. जांभ्याने बांधलेली गोल विहीर, फक्त खाली नाही, वर गेलेली. पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूला हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. हात पुढे काढायचे तर पावलांच्या पुढे जायचे नाहीत आणि कोपरात वाकलेले हवेत. या विहिरीत तुम्ही उभे राहा, हात वर करा, सरळ वर उडा. समोरचा त्यात घुसून तुमच्यावर आदळला तर तुमचा दोष नाही. पण हात वरून खाली आणून समोरच्याच्या मनगटावर बसला, की तुमची विहीर सोडून तुम्ही त्याच्या विहिरीत गेलात. उंच पोरांना हे सांगणं फार अवघड. त्यांना वाटतं उंची आहे तर हात मारायलाच हवा. सरळ वर ठेवलेला हात समोरच्याला जास्त छळतो.

मोबाइलवर एनबीए बघणाऱ्या मुलांची आणखी एक पंचाईत होते. आपले शालेय आणि राज्य पातळीवरचे सामने फिबाच्या नियमांनी होतात. एनबीएत रिंगखालचा पट्टा मदतीला आलेल्या दुसऱ्या बचावपटूसाठी असतो. फिबात पहिला-दुसरा असा भेद नाही. एनबीएत सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर, आपल्याकडे पाचव्याला. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पुरुष बास्केटबॉलने तर 2023-24 पासून अडवणाऱ्याला आणखी आधी यायला लावलंय: समोरचा उडण्यासाठी शेवटचं पाऊल टेकवतो तोवर जागा मिळालेली हवी. म्हणजे त्यांनीही हा निकाल सोपा व्हावा म्हणून घड्याळ मागे सरकवलं. मला तो बदल आवडतो. पाऊल टेकणं दिसतं. जमीन सुटणं दिसत नाही.

पडण्याच्या नाटकाबद्दल एवढंच की त्यालाही शिक्षा आहे. धक्का न लागता मागे कोसळणाऱ्याला आधी ताकीद, पुन्हा केलं तर टेक्निकल फाऊल, म्हणजे धक्क्याचा नाही, गैरवर्तनाचा. आपल्याकडची पोरं नाटक फारशी करत नाहीत. सिमेंटवर कोण मुद्दाम पडेल?

राहिला हिशोब. ब्लॉकिंग झालं, समोरचा टोपलीत टाकत होता आणि टोपली झाली, तर ते गुण धरायचे आणि वर एक फ्री थ्रो. झाली नाही तर दोन फ्री थ्रो. चेंडू ताब्यात असताना चार्जिंग झालं तर टोपली नाही, फ्री थ्रोही नाही. समोरच्या संघाला बाजूने चेंडू. मात्र फिबाच्या नियमात एक गंमत आहे, आणि त्या दिवशी तात्यांच्या नातीच्या सामन्यात नेमकी तीच घडली. नातीने फ्री थ्रोच्या रेषेच्या थोडं आतून उडी घेतली, चेंडू हातातून सुटला, आणि मग पुढच्या झेपेत ती समोर आधीपासून उभ्या असलेल्या मुलीवर आदळली. ती मुलगी अर्धवर्तुळाच्या चांगली बाहेर, निळ्या रेषेपासून हातभर पुढे. दोन्ही पाय टेकलेले, तोंड समोर. मी शिट्टी वाजवली. चेंडू रिंगवर दोनदा नाचून आत पडला.

तात्या उठून उभे राहिले. मी मूठ तळहातावर आपटली. नातीचा फाऊल.

टेबलावर गुण लिहिणारा मुलगा पेन उचलून माझ्याकडे बघत राहिला. चेंडू हातातून सुटल्यानंतर फाऊल झाला होता. सुटलेला चेंडू हवेत असताना शिट्टी वाजली म्हणून मरत नाही, आणि चेंडू सुटला की संघाचा ताबाही संपलेला असतो.

"सर, दोन लिहायचे ना?"

"लिही. आणि फाऊलही लिही. यांचे या क्वार्टरमधले किती झाले?"

"हा पाचवा."

संघाचा क्वार्टरमधला पाचवा फाऊल आणि ताबाही संपलेला, म्हणजे समोरच्या मुलीला दोन फ्री थ्रो. तात्या खाली बसले आणि शेजारच्याला धक्क्याची गोष्ट सांगायला लागले.